बडगीतला मोफोंगो

प्रश्न : मावशी, माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीत आला तर पोर्तो रिकोत खाल्लेल्या मोफोंगोचं कौतुक थांबेना. केळ्याचा करतात म्हणाला, म्हणून मी घरची हिरवी केळी तळून मिक्सरला लावली, तर गोडसर चिकट लगदा झाला. पोरगं काही बोललं नाही, पण ताटात तसंच राहिलं. कुठं चुकलं? आणि 'ब्रेडफ्रूट' म्हणजे आपला फणसच का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, घरची म्हणजे घड उतरवून कोपऱ्यात ठेवलेली, वरून हिरवी आणि आतून पिकायला लागलेली, हो ना? मीही एकदा तसलीच घेतली होती. चकत्या तेलात विरघळल्या, झाऱ्यावर आलं ते पिठलं.

मोफोंगोला लागतं प्लँटेन : जाड सालीचं, पिठूळ, शिजवून खायचं केळं. केरळचं नेंद्रन त्याच्या जवळचं. आपलं ग्रँड नैन वाणाचं केळं तसं नाही, तरी जमतं. बागेत कापणी असेल त्याच दिवशीची टणक फणी आणा. सोलताना हाताला तेल चोळा आणि जुनी साडी नेसा, केळीचा डाग काही जात नाही. जाड तुकडे मध्यम आचेवर आतपर्यंत शिजू द्या, लाल करू नका. मग लसूण, मीठ, थोडं तेल घालून गरम असतानाच कुटायचे. तिकडे यासाठी लाकडी खलबत्ता असतो, त्याला पिलोन म्हणतात. आपल्याकडे भरताची बडगी आहेच की! मिक्सरने पिष्ट चिकट होतं, बडगीत ठेचलं की दाणेदार राहतं. तिकडे डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे घालतात. मी भाजलेले शेंगदाणे घालते, पोर्तो रिकोवाले हसले तर हसोत.

पण माझं ऐकाल तर प्लँटेनच्या मागे लागूच नका. सेंट लुसिया बेटाचा राष्ट्रीय पदार्थ आहे 'ग्रीन फिग अँड सॉल्टफिश'. नावात फिग म्हणजे अंजीर, पण असतात ती कच्ची केळी, अगदी आपल्यासारखी. सालीला उभी चीर देऊन सालासकट उकडायची. पाण्यात चमचाभर तेल टाका, पातेलं कमी काळं पडतं. खारवलेला कॉड मासा भिजवून, उकळून त्यातलं मीठ काढतात, कुस्करून कांदा-ढोबळी मिरचीवर परततात आणि केळ्यात मिसळतात. तुमच्याकडे चालत असेल तर आठवडे बाजारातलं सुकट धुऊन घाला. आमच्याकडे चालत नाही, मी नुसत्या कांदा-मिरचीवर भागवते.

आता ब्रेडफ्रूट. तो फणस नव्हे, त्याचा भाऊबंद. कोकणातला नीरफणस तो हाच. मूळचा पॅसिफिक बेटांकडचा. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला इंग्रजांनी तो तिकडे नेला. कॅप्टन ब्लाय ताहितीहून रोपं घेऊन निघाला, तर 1789 मध्ये त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि खलाशांनी रोपं समुद्रात फेकली. गडी पुन्हा गेला आणि 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला रोपं पोचवलीच. आता जमैकात अख्खं फळ निखाऱ्यावर साल काळीठिक्कर होईपर्यंत भाजतात, जसं आपण कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजतो. ग्रेनाडात 'ऑइल डाउन' करतात : नीरफणसाच्या फोडी, खारवलेलं मांस, अळूची पानं, हळद, सगळं नारळाच्या दुधात. दूध आटून तळाशी तेल उरलं की झालं. मांस वगळून करून बघा.

आपल्या उन्हात हे झाड काही रमत नाही. रत्नागिरीकडून कुणी येणार असेल तर मागवा, पण टणक बघून. माझा पहिला नीरफणस जळगावला पोचेपर्यंत पिशवीतच पिकला. भाजायचं राहूनच गेलं, चमच्याने खाल्ला.