मोकळा दिवस, एकच तिकीट

वाचकांचे प्रश्न : नाटक

प्रश्न : मी पुसदला राहते. कामानिमित्त नागपूरला येते तेव्हा कधी कधी काम सकाळीच आटोपतं आणि परतीची गाडी रात्री उशिराची असते. अशा दिवशी एकटीनं नाटक बघायचं तर काय करावं? दोनदा नाट्यगृहाच्या दारातून परतले. एकदा तिथे शाळेचं स्नेहसंमेलन होतं, एकदा हाउसफुल्लचा बोर्ड.
– एक वाचक, पुसद

उत्तर : ताई, नाट्यगृह गाठून मग काय चालू आहे ते बघायचं, हा क्रम मुंबई-पुण्यात चालतो. नागपुरात आधी प्रयोग शोधायचा. व्यावसायिक नाटकाचा सेट, दिवे आणि सगळी मंडळी मुंबईहून आठशेहून जास्त किलोमीटर आणायची, तर एका प्रयोगात खर्च निघत नाही. म्हणून नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर असा दौरा आखतात. नागपूरच्या वाट्याला त्यातला एखाद-दुसराच प्रयोग येतो आणि तोही बहुतेक शनिवार-रविवार धरून. एरवी हीच सभागृहं स्नेहसंमेलनं, सत्कार आणि अधिवेशनांना दिलेली असतात. तुम्हाला आलेला अनुभव त्यातलाच.

सकाळी सर्वांत आधी नागपूरच्या एखाद्या दैनिकाची शहर पुरवणी उघडा आणि ‘आजचे कार्यक्रम’ हा रकाना बघा. हौशी संस्थांचे प्रयोग, नाट्यवाचनं, एकांकिका यांची बातमी अनेकदा फक्त तिथेच असते. मग फोनवर बुकमायशो आणि तिकिटालय ही तिकिटांची ॲप बघा. ॲपमध्ये शहर ‘नागपूर’ असल्याची खात्री करा, नाहीतर दुसऱ्याच शहराची यादी दिसते आणि प्रयोग नाही असा समज होतो.

प्रयोग सापडला की सभागृहाचं नाव नीट वाचा. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि कविवर्य सुरेश भट सभागृह रेशीमबागेत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. सायंटिफिक सभागृह लक्ष्मीनगरात आठ रस्ता चौकाजवळ, साई सभागृह शंकरनगरात. सीताबर्डीहून यांतल्या कुठेही ऑटोनं जाता येतं, पण संध्याकाळच्या गर्दीसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं तर जास्तच, कारण विधानभवनाच्या बाजूचे रस्ते मोर्चांमुळे वळवलेले असतात आणि देशपांडे सभागृह त्याच भागात आहे.

तिकीट सकाळीच काढा, संध्याकाळवर ठेवू नका. ॲपवर सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या तरी खिडकीवर विचारा, कारण काही जागा खिडकीसाठी वेगळ्या राखलेल्या असू शकतात. एकट्या माणसाची इथेच सोय होते. लोक दोघं-चौघं मिळून जागा घेतात आणि मध्ये एकेक खुर्ची उरते. खिडकीवर ‘काय आहे?’ असं विचारलं तर मागची रांग दाखवतील. त्याऐवजी ‘मधल्या रांगांत एखादी सुटी जागा आहे का?’ असं विचारा आणि तक्ता आपल्याकडे वळवून घ्या. बोर्ड लागलेला असला तरी प्रयोगाआधी अर्धा तास खिडकीपाशी थांबून बघा. न उचललेले पास आणि परत आलेली तिकिटं तेव्हा सुटतात. बाहेर कुणी जास्तीचं तिकीट देत असेल तर कागदी तिकीट छापील दरानं घ्यायला हरकत नाही, पण क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊ नका. तो कोड आधी ज्यानं दाखवला तो आत जातो, दुसरा दाराशी अडतो.

दराबद्दल एक गोष्ट. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून पुष्कळ नाटकांचा वरचा दर ५०० वरच थांबतो. ॲपवर त्याखेरीज सुविधा शुल्क पडतं, खिडकीवर ते वाचतं.

सामानाची व्यवस्था आधी लावा. नाट्यगृहात बॅग ठेवायला सहसा जागा नसते आणि पायांत बॅग घेऊन अडीच तास बसणं तुम्हालाही जाचतं, शेजाऱ्यालाही. रेल्वेनं आला असाल तर स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. मधला वेळ सभागृहाच्या आसपासच घालवा. देशपांडे सभागृहात प्रयोग असेल तर सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय, त्याच बाजूला आहे. सोमवारी ते बंद असतं. पोटात काहीतरी घालूनच आत जा, पण सावजी नाटकानंतरच. तो तिखट रस्सा खाऊन अंधारात बसलं की पहिल्या अंकातच पाण्यासाठी उठावं लागतं.

प्रश्न : जागा निवडता आली तर कुठली घ्यावी? पुढची रांग महाग असते, म्हणजे ती सर्वांत चांगली का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : नाही. पहिल्या दोन-तीन रांगांतून रंगमंच डोळ्यांच्या वर येतो. चेहरे छान दिसतात, पण मागच्या बाजूचा कलाकार पुढच्याआड जातो आणि बसलेल्या पात्रांचे पाय, जमिनीवरच्या वस्तू दिसत नाहीत. नट कुठे उभा आहे, कुणापासून किती दूर आहे, यात नाटकाचा निम्मा अर्थ असतो. तो सहाव्या ते दहाव्या रांगेच्या मध्यभागातून नीट कळतो. अगदी कडेची खुर्ची टाळा. घराचा सेट असला की बाजूची भिंत आड येते आणि त्या बाजूच्या दारातून कोण आलं ते शेजारी हसल्यावर कळतं. बाल्कनी घ्यायची तर तिची पहिली रांग घ्या. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबून येतो.

सुरेश भट सभागृह सुमारे २००० आसनांचं आहे. तिथे मागून ध्वनिक्षेपकाचा आवाज पोहोचतो, पण डोळ्यांतला बदल पोहोचत नाही. दोन-चार पात्रांचं घरगुती नाटक तिथे असेल तर पैसे वाढवून पुढचा टप्पा घ्या. नाच-गाण्याचा मोठा कार्यक्रम असेल तर मागूनही चालतं.

पहिल्या घंटेला आत या. तिसरी झाली की पडदा उघडतो, आणि उशिरा आलेल्याला टॉर्चच्या उजेडात जागा दाखवेपर्यंत अख्ख्या रांगेचा प्रवेश वाया जातो. फोन नुसता ‘सायलेंट’ करून भागत नाही, खिशात थरथरला तरी शांत प्रसंगात ऐकू येतो. बंद करा. एसी मोठा असतो, मे महिन्यातसुद्धा एखादी ओढणी किंवा शाल जवळ असू द्या.

प्रश्न : रात्री एकट्या मुलीनं परतायचं कसं?
– एक वाचक, गोंदिया

उत्तर : प्रयोगाची वेळ बघून ठरवा. दोन अंकी नाटक मध्यंतरासकट दोन ते अडीच तासांचं असतं. साडेसहाचा प्रयोग नऊच्या सुमारास सुटतो, तेव्हा मेट्रो चालू असते. शेवटच्या गाड्या दहाच्या आसपास सुटतात. साडेनऊचा प्रयोग मात्र बाराला सुटतो, म्हणून मुक्काम असेल तरच तो घ्या. पडदा पडला की सगळे एकदम बाहेर येतात आणि ऑटोचे दर चढतात. गाडी मध्यंतरात नव्हे, शेवटच्या टाळ्यांनंतर बोलवा आणि ती येईपर्यंत आवारातच, दिव्याखाली थांबा. साडेनऊनंतरची रेल्वे पकडायची असेल तर साडेसहाच्या प्रयोगाला रांगेच्या टोकाची जागा घ्या, म्हणजे कुणाला न उठवता निघता येईल.

प्रश्न : नागपूरला आलोच आहे तर झाडीपट्टीचं नाटकही त्याच दिवशी बघता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एका दिवसात नाही. ही नाटकं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या गावांत दिवाळीनंतर होळीपर्यंत होतात. रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्यांचं मुख्य केंद्र. त्यासाठी वेगळे दोन दिवस काढा, नक्की काढा. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आहे.

प्रश्न : ओळखीचा नट नसलेलं नाटक बघण्यात अर्थ आहे का? वेळ एकच संध्याकाळ आहे.
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : आहे. हिवाळ्यात येत असाल तर राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी चालू आहे का ते आधी बघा. दिवसभर नोकरी करून महिनोन् महिने तालीम केलेली विदर्भातली मंडळी तिथे उतरतात, तिकीट अगदी स्वस्त असतं आणि बऱ्याचदा संहिताही इथल्याच लेखकाची असते. दर्जा रोज सारखा नसतो, हे खरं. पण चांगला प्रयोग लागला तर तो पुन्हा कुठे बघायला मिळेलच असं नाही, कारण स्पर्धेनंतर अशी कितीतरी नाटकं थांबतात. परीक्षकांच्या टेबलापासून चार रांगा दूर बसा, त्यांचा छोटा दिवा सतत डोळ्यांवर येतो.