नव्या वर्गशिक्षकांसाठी : मुलांमधला छळ ओळखताना

पहिल्यांदाच वर्ग हाती घेताना मुलांची रोजची भांडणे आणि एखाद्याचा चाललेला छळ यांतला फरक ध्यानात ठेवावा. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास हेतुपुरस्सर असतो, तो पुन्हापुन्हा दिला जातो आणि सोसणाऱ्याला प्रतिकार अवघड जावा इतकी दोघांच्या बळात तफावत असते. हे बळ केवळ अंगातले नसते. मित्रांचा घोळका, घरची सुबत्ता, जात, बोलीचा हेल यांतूनही ते येते.

छळ सहसा तुमच्या तासाला दिसत नाही. तो मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहापाशी, स्कूलबसच्या मागच्या सीटवर आणि हल्ली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतो. म्हणून डबा न उघडताच परत नेणारे मूल, किंवा हजेरीत ठरावीक नाव पुकारताच मागच्या बाकांवरून उठणारी दबकी खसखस, यांकडे लक्ष असू द्या.

तक्रार आली की दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावण्याची आपली रीत मला घातक वाटते, कारण त्याची किंमत दुबळे मूल फाटकाबाहेर मोजते. दोघांशी वेगवेगळे बोला, तारखेनिशी नोंद ठेवा आणि मुख्याध्यापकांना कळवा. बघ्या मुलांना वगळू नका. फिनलंडच्या शाळांतील ‘किवा’ या छळविरोधी उपक्रमाचा भर त्यांच्यावरच आहे. शिवाय १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना वर्गातच वहीत लिहून घ्यायला सांगा.