साठीनंतर चित्रकला शिकून आवडत्या थोर व्यक्तींची चित्रं काढणं जमेल का?

जमेल. मी एकसष्टाव्या वर्षी सुरुवात केली, आता सहासष्ट चालू आहे. शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेनंतर ब्रशला हात लावला नव्हता. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरलं तेव्हा तेही सत्तरीला टेकले होते, हे मी घरी अधूनमधून ऐकवत असतो. "ते रवींद्रनाथ होते," असं उत्तर मिळतं.

माझं पहिलं चित्र लोकमान्य टिळकांचं. येईल तो लगेच ओळखायचा, त्यामुळे मी खूश. एक दिवस बायकोने पगडीवर एक हात ठेवला, मिशांवर दुसरा. "आता सांगा, कोण हे?" मधे उरले होते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

तेव्हा कळलं, ओळख पटत होती ती पगडीमुळे. गांधीजींचा चष्मा, आंबेडकरांचा कोट-टाय, सगळीकडे हीच सोय असते. त्यात डोळे असतात टाळू आणि हनुवटीच्या साधारण मध्यावर. नवशिके ते हमखास वर चढवतात. पगडीखाली टाळू दिसतच नाही, म्हणून मी तर पगडी थेट भुवयांवर बसवली होती. आता आधी टू-बी पेन्सिलीने बोडकं डोकं हलकं काढून घेतो, मग पगडी चढवतो. फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून एकेक चौकट उतरवून घ्यायला अजिबात लाजू नका. चित्र आरशात बघा, वाकडं नाक लगेच सापडतं.

सुरुवातीला सुरकुत्यांचे चेहरे घ्या. बाबा आमटे मला लवकर जमले, कारण पेन्सिलीला धरायला जागा असते. तरुणपणीच्या लताबाई तीनदा फाडल्या. गुळगुळीत गालावर एक रेघ जास्त झाली की दहा वर्षं वाढतात.

सगळ्यात छळलं भीमसेनजींनी. पगडी नाही, चष्मा नाही, आणि मला हवी होती ऐन तानेतली मुद्रा. पहिल्या चित्रात तोंडाची पोकळी सरळ काळ्या रंगाने भरली. गवई राहिला बाजूला, दाढ दुखणारा पेशंट तयार झाला. पुढच्या वेळी काळा बाजूला ठेवून बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळला, तेव्हा सावलीत जरा ऊब आली. सध्या पाचवं चालू आहे. तोंड जमलंय, हवेत उचललेला हात अजून रिक्षा थांबवतोय.