सँड व्हर्बिना: नाव व्हर्बिनाचे, कुळ गुलबक्षीचे

कॅलिफोर्नियातील अँझा-बोरेगो वाळवंटात तुमच्या भाचीला मार्चमध्ये दिसलेली, वाळूवर पसरलेली आणि संध्याकाळी घमघमणारी जांभळट-गुलाबी फुले कोणती, ती आपल्याकडची व्हर्बिनाच का, असे तुम्ही विचारले आहे. छायाचित्रातील जमिनीलगत सरपटणारी खोडे आणि दांड्याच्या टोकाशी असलेला फुलांचा गोल झुबका पाहता ही अ‍ॅब्रोनिया व्हिलोसा आहे, असे माझे मत आहे. तिकडे तिला ‘सँड व्हर्बिना’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो, कारण पुण्यातील रोपवाटिकांत मिळणाऱ्या व्हर्बिनाचे कुळ वेगळे. ही गुलबक्षी आणि बोगनवेल यांच्या कुळातील आहे.

२०१९ च्या मार्चमध्ये मी लेकीकडे गेलो असताना त्याच वाळवंटात गुडघे टेकून ही वनस्पती पाहिली. पान चिमटीत धरताच बोटे चिकट झाली, आणि खोडावरील बारीक लवेला वाळू अशी चिकटली होती की खोड पिठीसाखरेत घोळल्यासारखे दिसत होते. (पुण्यात मोकळ्या प्लॉटवरून चालताना पुनर्नवेची फळे मोज्यांना चिकटतात, तीही याच कुळातील.) ही वाळू निरुपयोगी नसते. हिच्याच एका पिवळ्या फुलांच्या बहिणीवरील वाळू संशोधकांनी पुसून टाकली, तेव्हा कीटकांनी तिची पाने अधिक खाल्ली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पानांच्या जोडीतील एक पान दुसऱ्याहून मोठे असते आणि त्यांची कड फार तर नागमोडी असते, व्हर्बिनासारखी दातेरी नसते. फुलाला खऱ्या पाकळ्याच नसतात; गुलबक्षीप्रमाणेच येथेही आपण पाकळ्या समजतो तो रंगीत निदलपुंज (फुलाचे बाहेरचे, एरवी बहुधा हिरवे असणारे आवरण) असतो, आणि त्याच्या नळीच्या तोंडाशी फिकट पांढरा डोळा दिसतो. संध्याकाळचा सुगंध लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो.

एक शंका मात्र उरते. छायाचित्राच्या कोपऱ्यात चार पाकळ्यांची मोठी पांढरी फुले आहेत, ती ईनोथेरा डेल्टॉइडीसची असावीत. तीही संध्याकाळी उमलतात आणि सुवासिक असतात, त्यामुळे भाचीला आलेला वास नेमका कोणाचा, हे दुरून ठरवता येणार नाही. तिला झुबक्याजवळ नाक नेऊन वास घ्यायला सांगा. फूल मात्र तोडू नये, अँझा-बोरेगो हे राज्य उद्यान असून तिथे तशी मनाई आहे.