एका दुखापतीने अख्खा हंगाम का विस्कटतो?

आपण विचारले आहे की, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघाकडे ५३ खेळाडू असताना एक-दोघे जायबंदी झाले की अख्खा हंगाम का विस्कटतो, आणि मध्येच आणलेला नवा खेळाडू ती उणीव का भरून काढू शकत नाही. अमेरिकन फुटबॉल मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की, जायबंदी खेळाडूंची नुसती संख्या फारसे काही सांगत नाही. दुखापत कोणत्या जागेवर झाली, हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर झाली आणि तिच्यामुळे आणखी किती जणांना आपली जागा सोडावी लागली, यावर पुढचे बहुतेक सगळे ठरते.

५३ हा आकडा मुळात दिसतो तितका मोठा नाही. आक्रमणाचे आणि बचावाचे अकरा-अकरा खेळाडू वेगळे, किक आणि पंट (चेंडू हातातून सोडून लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडणे) यांसाठीची स्पेशल टीम्सची जुळणी वेगळी, आणि सामन्याच्या दिवशी प्रत्यक्ष खेळण्यास पात्र असतात ते जास्तीत जास्त ४८. या स्पेशल टीम्समध्ये धावपळ करणारे बरेचसे खेळाडू म्हणजे इतर जागांवरचे राखीव खेळाडूच असतात. त्यामुळे एखादा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) जखमी होऊन त्याचा राखीव मुख्य संघात गेला, की पंट अडवणारा किंवा किक परतवणाऱ्याला पाडणारा एक कसलेला गडी कमी होतो. बातमीत नाव एकाचेच येते, हलतात मात्र तिघे-चौघे.

ही साखळी सर्वांत स्पष्ट दिसते ती ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पाच जणांच्या फळीत. समजा लेफ्ट टॅकल, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची न दिसणारी बाजू सांभाळणारा खेळाडू, बाहेर गेला. प्रशिक्षकाने शेजारच्या गार्डला तिकडे सरकवले, तर एका दुखापतीने दोन जागा बदलल्या. राखीव टॅकल उतरवला, तर त्याच्या मदतीला टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, एरवी पासही झेलणारा खेळाडू) थांबवावे लागते आणि पास घ्यायला धावणारा एक माणूस घटतो. मग लांब पल्ल्याच्या खेळी वहीतून आपोआप गळतात, क्वार्टरबॅक चेंडू घाईने सोडू लागतो, आणि प्रतिस्पर्ध्याला केवळ चार जणांच्या जोरावर दबाव आणता येत असल्यामुळे उरलेले सात जण मागे पहाऱ्याला मोकळे राहतात. धावफलकावर हे सारे क्वार्टरबॅकचे अपयश म्हणून नोंदले जाते, आणि मला वाटते या खेळातला सर्वांत अन्यायकारक हिशेब तोच आहे.

अर्थात क्वार्टरबॅक स्वतःच गेला, तर प्रश्न निराळा. हंगाम सुरू झाल्यावर सरावातल्या जवळजवळ सगळ्या खेळी मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात; राखीव क्वार्टरबॅकला पास झेलणाऱ्या रिसीव्हरांशी वेळ जुळवायला फारशी संधीच मिळत नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१० मध्ये १० सामने जिंकले होते. २०११ चा संपूर्ण हंगाम पेटन मॅनिंग मानेच्या दुखण्यामुळे बाहेर राहिला, तेव्हा त्यांनी २ जिंकले आणि १४ गमावले. न्यूयॉर्क जेट्सने सगळी मदार ज्याच्यावर ठेवली होती, त्या ॲरन रॉजर्सची अकिलीस कंडरा २०२३ च्या पहिल्याच सामन्यात, चौथ्या स्नॅपवर, म्हणजे चौथ्याच खेळीला, तुटली. जेट्सने तो सामना जिंकला, पण हंगाम ७ विजय आणि १० पराभवांवर संपला, म्हणजे रॉजर्स येण्यापूर्वीच्या वर्षी होता नेमका तिथेच.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. २००८ मध्ये टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर पडल्यावर, शालेय काळानंतर क्वार्टरबॅक म्हणून एकाही सामन्यात सुरुवातीपासून न खेळलेल्या मॅट कॅसेलने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ११ विजय मिळवून दिले; तरीही संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, मुकला. फिलाडेल्फिया ईगल्सचा कार्सन वेन्ट्झ डिसेंबर २०१७ मध्ये जायबंदी झाला आणि निक फोल्सने त्यांना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. फोल्सचे कौतुक व्हायलाच हवे, परंतु ईगल्सचा लेफ्ट टॅकल जेसन पीटर्स ऑक्टोबरमध्येच गेला होता आणि नवी लाइन जुळून यायला मधले आठवडे मिळाले होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

नवा माणूस आणण्यावर नियमांचेही बंधन असते. इंज्युअर्ड रिझर्व्हवर, म्हणजे जायबंदी खेळाडूंच्या वेगळ्या यादीत, टाकलेला खेळाडू निदान चार सामने परतू शकत नाही, आणि त्याचा पगार सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या कमाल मर्यादेत, मोजला जातच राहतो. ५३ च्या बाहेर, सरावापुरत्या ठेवलेल्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये १६ खेळाडू सांभाळता येतात खरे, पण दुसरा संघ त्यांतील एखाद्याला थेट आपल्या ५३ मध्ये घेऊन जाऊ शकतो.

मध्येच आलेला खेळाडू किती लवकर रुळेल, हेही जागेवरच अवलंबून असते. मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा, म्हणजे रनिंग बॅक असलेला ख्रिश्चन मॅकॅफ्री ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे आला, तीनच दिवसांनी मैदानात उतरला, आणि त्यापुढच्या सामन्यात त्याने एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण) धावून, एक पास झेलून आणि एक चक्क स्वतः पास फेकून मिळवून दिला. रनिंग बॅकला मोजक्या खेळी शिकवून कामाला लावता येते; लाइनच्या मध्यावरून चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला किंवा क्वार्टरबॅकला नाही. त्याच हंगामात डिसेंबरपर्यंत या संघाचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले. मग ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रॉक पर्डीने संघाला एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेले. तिथे त्याचे कोपर दुखावले, त्याच्या जागी आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, आणि चेंडू धड फेकू न शकणारा पर्डी पुन्हा मैदानात आला. संघ तो सामना ३१-७ असा हरला. पुढच्या हंगामापासून आपत्कालीन तिसऱ्या क्वार्टरबॅकची सोय नियमात करण्यात आली.

आपल्या संघाचा अंदाज बांधायचा असेल, तर दर आठवड्याचा दुखापत-अहवाल पाहावा. रविवारच्या सामन्यासाठी बुधवारपासून शुक्रवारपर्यंत कोणी किती सराव केला, हे त्यात दिलेले असते. त्यात मोठी नावे शोधण्याआधी मी ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण पाहतो. त्यांतील दोघांनी शुक्रवारीही सराव केलेला नसेल, तर क्वार्टरबॅक कितीही ठणठणीत असला तरी त्या रविवारी कमी गुणांचा सामना धरून चालतो.