तीन एकर द्राक्षबाग आहे, घरचीच छोटी वायनरी काढावी का? तिथलं रोजचं काम कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला राहता, आयटीत नोकरी आहे, जुन्नर तालुक्यात वडिलांची तीन एकर थॉमसनची बाग आहे. व्यापाऱ्यांच्या भावाला कंटाळून घरचीच वायनरी काढावी असं मनात आहे, तर तिथला दिवस कसा जातो? आणि जाता जाता लिहिलंय की आई माळकरी आहे, तिला कसं सांगू.

मी नारायणगावच्या बाजूला अशाच एका घरात सून म्हणून आले. मायक्रोबायोलॉजी शिकलेली. बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, "चला, लॅबला माणूस मिळालं." थट्टा वाटली होती. लग्नानंतर पंधराव्या दिवशी मी टाकी घासत होते.

हो, घासत होते. तुमच्या डोळ्यांसमोर लाकडी पिंपं, मंद दिवे आणि हातात ग्लास असणार. आमच्या हातात बाराही महिने पाण्याचा पाइप असतो. टाकी धुवा, पंप धुवा, क्रेट धुवा, फरशी धुवा, दुसऱ्या दिवशी तेच वापरायच्या आधी परत धुवा. एक लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी जातं. ज्या घरात भांडी घासायचा कंटाळा आहे त्या घरानं या धंद्यात पडू नये, हे मी मनापासून सांगते.

फेब्रुवारीतला दिवस सांगते. तोडणी पहाटे पाचला, डोक्याला बॅटऱ्या लावून. तोडणीला बाया येतात त्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून. त्यांना टेम्पोनं थेट बागेच्या बांधापर्यंत आणतो, कारण शेजारी ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. जुन्नरकरांना हे सांगायला नको, तुम्हाला कोथरूडला राहून विसर पडला असेल तर म्हणून. मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून तोडणी चालते. साडेनऊच्या आत माल शेडमध्ये आला पाहिजे. दुपारी ऊन तापतं, आणि तापलेली द्राक्षं टाकीत गेली की आंबण्याची क्रिया आपल्या हातात राहत नाही. पांढऱ्या वाइनचा रस आम्ही चौदा-पंधरा अंशांवर आंबवतो, लालला पंचवीसच्या आसपास चालतं. म्हणजे बागेत घाम आणि शेडमध्ये चिलरचं बिल. लाइट गेली की घरातले सगळे जेवण टाकून जनरेटरकडे पळतात. माझा दीर तर एकदा हळदीच्या पाटावरून उठला होता, तेही स्वतःच्याच.

लाल वाइनमध्ये साली वर येऊन जाड थर बसतो. आम्ही घरात त्याला 'साय' म्हणतो. ही साय दिवसातून तीनदा दांड्यानं खाली दाबायची, रात्री अकराची पाळी धरून. दोन हजार लिटरच्या टाकीवर हे काम केलं की खांदे दुसऱ्या दिवशी बोलतात. आणि एक गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका: रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीच्या तळाशी बसून राहतो. जुन्या विहिरीत उतरताना माणसं गुदमरून जातात तसंच इथेही होतं. मेणबत्तीच्या भरवशावर राहू नका. गॅस मीटर घ्या, आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नका.

आता तुमच्या थॉमसनबद्दल. ते खायचं द्राक्ष आहे. वाइनसाठी शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ असल्या जाती लागतात. बारीक मणी, जाड साल, आत बिया. बाजारात असा घड ठेवला तर कोणी ढुंकून बघणार नाही. आमच्या सासऱ्यांना हेच पचायला दोन हंगाम गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी मणी फुगवायचं शास्त्र शिकलं होतं: जीएचं म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग (मणी फुगायला घड त्यात बुडवायचे), विरळणी, मापात पाणी. आणि इथे सांगायचं की मणी फुगवायचाच नाही, पाणी तोडायचं, एकरी माल मुद्दाम कमी धरायचा. "बाग उपाशी ठेवून पैसे मिळवायचे, असली शेती मी बघितली नाही," असं म्हणत ते बांधावरून फिरायचे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मात्र इथेही चुकत नाही, आणि भुरी, डाऊनी हे बुरशीचे रोगही पाठ सोडत नाहीत. फक्त तोडणीच्या तोंडावर गंधक मारू नका. त्याचा अंश रसात गेला की वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो.

हिशेब करू. एकरी चार टन धरला तर तीन एकरांत बारा टन. किलोमागे साधारण साडेसहाशे मिली वाइन, म्हणजे ७,८०० लिटर, सुमारे दहा हजार बाटल्या. ऐकायला बरं वाटतं. पण आज डॉग्रीजचा खुंट लावलात, त्यावर कलम केलंत, तर धड पीक तिसऱ्या वर्षी. लाल वाइन केलीत तर पुढे वर्ष-दीड वर्ष टाकीत नाहीतर पिंपात. पहिल्या बाटलीचे पैसे हातात यायला पाच वर्षं धरा, तोवर घर नोकरीवर. शिवाय पिण्याच्या मद्याला जीएसटी लागत नाही याचा आनंद मानू नका. बाटली, बूच, लेबल यांवर तुम्ही भरलेला जीएसटी वजा करता येत नाही, तो तुमच्याच अंगावर पडतो.

राज्य उत्पादन शुल्क विभागाची रजिस्टरं हे एक वेगळंच प्रकरण आहे. किती द्राक्ष आलं, किती रस निघाला, कुठल्या टाकीतून कुठल्या टाकीत किती लिटर गेलं, सगळं त्या दिवशीच्या त्या दिवशी. बाटली दुसऱ्या राज्यात विकायची तर तिथे लेबल नव्यानं नोंदवा, फी भरा. माझा निम्मा दिवस यात जातो. लॅब उरलेल्या वेळात.

तिसऱ्या वर्षीचं आमचं, खरं म्हणजे माझंच, सांगते. शिराझची एक टाकी होती, दोन हजार लिटर. सासूबाई जेवायला बोलवायला शेडच्या दारापर्यंत आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "नेलपॉलिश कोणी सांडलंय?" मला काहीच वास येत नव्हता, तीन दिवस त्याच शेडमध्ये होते ना. तपासलं तर खरंच जीवाणू शिरले होते, वाइन शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या वाटेला लागली होती. शोधत गेलो तेव्हा पाइपच्या जोडात, रबराच्या वॉशरखाली, जुन्या रसाचा बोटभर चिकटा सापडला. तो पाइप मी धुतला होता. वाइन वाचली नाही. आणि गंमत बघा, मद्य ओतून द्यायलाही परवानगी लागते. ती येईपर्यंत ती टाकी महिनाभर माझ्याकडे बघत उभी होती. तेव्हापासून वॉशर काढल्याशिवाय पाइप धुतला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

सासूबाई माळकरी आहेत. वाइनचा थेंब त्यांनी कधी जिभेवर ठेवला नाही. पण दह्याचं विरजण आणि लोणच्याच्या बरण्या सांभाळण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठलं आंबणं चांगलं आणि कुठलं वाईट, हे त्यांच्या नाकाला माझ्या पदवीपेक्षा लवकर कळतं. परवाना आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: शेड देवघराच्या बाजूला नको. म्हणून ती विहिरीपलीकडे आहे. पावसाळ्यात चिखल तुडवत जाताना सगळे कुरकुरतात, पण अट मोडलेली नाही. भावकीत 'दारूवाले' हा शब्द ऐकावा लागला. नणंदेचं एक स्थळ त्यावरून मोडलं. दोन वर्षं सासूबाई नातेवाइकांच्या लग्नाकार्याला गेल्या नाहीत. आता रविवारी पुण्याची मंडळी चाकणच्या ट्रॅफिकमधून वैतागून येतात, त्यांना त्या स्वतः मासवडी वाढतात आणि "ती थंड पांढरी घ्या हो हिच्याबरोबर" असंही सांगतात. शेनिन ब्लाँ म्हणायचं नाही, थंड पांढरी. तुमच्या आईंचं मला माहीत नाही, पण बांधकामाचा नकाशा काढायच्या आधी त्यांना विचारा. नंतर विचारलं तर तो निरोप होतो.

विक्री म्हणाल तर छोट्या वायनरीला दुकानाच्या फळीवर जागा मिळत नाही, आमचा जास्त माल दारातच जातो. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली तेव्हा नवऱ्यानं लेबलं नवीन छापून घेतली. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय कागदावरच राहिला. लेबलं अजून माळ्यावर आहेत. याआधीही असंच झालंय. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर लोकांनी धडाधड वाइनच्या जाती लावल्या, २००८-०९ मध्ये मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, द्राक्षं उचलायला कोणी येईना आणि कित्येकांनी बागा उपटल्या. आमच्या शेजाऱ्यांच्या तशा बागेत आज टोमॅटो आहे.

मी तुमच्या जागी असते तर तीन एकरांतला अर्धा एकर आधी वाइनच्या जातीचा केला असता, त्याची द्राक्षं दोन-तीन हंगाम दुसऱ्या वायनरीला लेखी करार करून घातली असती, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन प्रश्न विचारून विचारून त्यांना भंडावलं असतं. नोकरी सोडली नसती.

बाकी लिहून कळणार नाही. फेब्रुवारीत आठवडाभर रजा काढून या, मेसेज करा, पत्ता देते. गमबूट स्वतःचे आणा. आणि अंधारात उसाच्या कडेनं चालत येऊ नका, फाट्यावर उतरलात की फोन करा, दीर गाडी घेऊन येईल.