मलेरिया एकदा होऊन गेला की शरीरात प्रतिकारशक्ती तयार होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: कांजिण्या एकदा झाल्या की सहसा परत होत नाहीत, मग जुलैत झालेला मलेरिया ऑक्टोबरात पुन्हा कसा झाला? आणि आफ्रिकेतली मोठी माणसं म्हणे मलेरिया अंगावर काढून शेतावर जातात, ते त्यांना कसं जमतं?

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. गडचिरोली भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं हिवतापाच्या स्लाईड तपासल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो.

मास सर्व्हेत ताप असो-नसो, गावातल्या सगळ्यांच्याच बोटातून रक्त घेतात. तेंदूपत्ता तोडून आलेला धडधाकट माणूस 'मला काही झालं नाही, उगाच टोचता' म्हणत बोट पुढे करतो, आणि त्याच्या स्लाईडवर पीएफच्या, म्हणजे फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या, बारीक रिंगा दिसतात. मोजक्याच, पण असतात. त्याच गावातलं तीन वर्षांचं पोर तेवढ्याच जंतूंनी तापानं फणफणलेलं असतं. मलेरियाची प्रतिकारशक्ती म्हणतात ती ही. जंतू अंगात असतो, पण आजार होत नाही.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास जावा आणि न्यू गिनीत हेच पाहिलं होतं. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर, मोठ्यांच्या रक्तात जवळपास नाहीत. बाहेरून आलेले लोक मात्र कोणत्याही वयाचे असोत, आजारी पडत. पुढे १९६१ मध्ये गांबियात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन या संशोधकांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातला गॅमाग्लोब्युलिन हा भाग काढून मलेरिया झालेल्या लहान मुलांना दिला. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं कमी झाले. म्हणजे संरक्षणाचा मोठा वाटा रक्तातल्या अँटिबॉडीजचा होता.

मग या अँटिबॉडीज पहिल्याच तापात का तयार होत नाहीत? होतात, पण कामाच्या ठरत नाहीत. डास चावतो तेव्हा मोजकेच परजीवी अंगात शिरतात आणि थोड्याच वेळात यकृतात जाऊन लपतात. तिथे ते हजारोंच्या संख्येनं वाढतात, आणि तोवर आपल्याला काही कळतही नाही. रक्तात उतरले की लाल पेशीत घुसायचं, ती फोडायची, नव्या पेशीत घुसायचं, असा फाल्सिपेरमचा ४८ तासांचा फेरा सुरू होतो. दोन पेशींच्या मधल्या अगदी थोड्या वेळात तो उघडा पडतो, तेवढीच अँटिबॉडीला संधी.

स्लाईड बघणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात परजीवीच्या लहानमोठ्या सगळ्या अवस्था दिसतात, पीएफमध्ये बहुतेक फक्त कोवळ्या रिंगा. मोठे झालेले जातात कुठे? बाधित पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, म्हणजे प्लीहेत गाळल्या जाऊन मरायला नको. मेंदूचा मलेरिया होतो तो अशाच पेशी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडकल्यानं. चिकटायला परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन आणून ठेवतो. शरीर ते ओळखतं, त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, पण परजीवीकडे या प्रथिनाचे सुमारे ६० जनुक आहेत आणि एका वेळी तो एकच वापरतो. बहुरूप्यासारखा एक सोंग उतरवून दुसरं चढवतो. शिवाय दुसऱ्या डासातून आलेल्या वाणाची सोंगं वेगळीच. ती एकेक करून ओळखायला वर्षं जातात. आधी जीवघेण्या आजारापासून संरक्षण येतं, मग साध्या तापापासून. परजीवीपासून पूर्ण सुटका जवळपास कधीच होत नाही.

याची सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे पहिलटकरीण. लहानपणापासून मलेरियाच्या मुलखात वाढलेली बाई, ताप यायचा कधीच थांबलेला, आणि पहिल्या गरोदरपणात पुन्हा मलेरिया उसळतो, कारण वार, म्हणजे प्लासेंटा, हा नवा अवयव आहे आणि त्याला चिकटायचं सोंग तिच्या शरीरानं आधी पाहिलेलंच नसतं. पुढच्या बाळंतपणांत हा धोका कमी होत जातो.

आईच्या अँटिबॉडीजमुळे तान्ह्या बाळाला पहिले काही महिने बरंच संरक्षण असतं. ते ओसरल्यापासून पाचव्या वर्षापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. आफ्रिकेत मलेरियानं मरणाऱ्यांत बहुसंख्य याच वयाची मुलं असतात. म्हणून 'त्यांना सवय असते' हे वाक्य मला पटत नाही. शेतावर जाणारा तो माणूस वाचलेल्यांपैकी आहे. आणि तोही काही वर्षं युरोपात राहून सुटीला गावी गेला, तर तापानं आडवा होऊ शकतो, कारण वरचेवर चावे नसले की हे संरक्षण उतरत जातं.

सिकलसेलच्या एएस पॅटर्नवाल्यांना, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते जनुक आलेल्यांना, गंभीर पीएफपासून संरक्षण असतं हे खरं, पण ते जन्मजात, रक्ताच्या रचनेतलं. तुमच्या प्रश्नातली प्रतिकारशक्ती ती नव्हे.

आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी मलेरियाची आर-२१ लस बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मलेरियाच्या भागातल्या मुलांसाठी तिची शिफारस केली. यकृतात शिरण्याआधीच्या परजीवीवर तिचा रोख आहे, जिथे नैसर्गिक प्रतिकारशक्ती फारशी पोचतच नाही. तरी तीन डोसांनंतर बूस्टर लागतोच.

तुमच्या ऑक्टोबरच्या तापाचं म्हणाल तर जुलैचा रिपोर्ट काढून बघा. त्यावर पीव्ही, म्हणजे व्हायव्हॅक्स, लिहिलं असेल, तर दुसऱ्यांदा डास चावलाच असेल असं नाही. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. त्यांच्यावर साधारणपणे प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात, आणि ताप तिसऱ्या दिवशी उतरला की लोक पाकीट कपाटात टाकतात. तुमचं पाकीट संपलं होतं का? नसेल, तर उरलेल्या गोळ्या आता मनानं घेऊ नका. जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींतलं एन्झाइम कमी असलेल्यांना आणि गरोदर बायकांना त्या धोक्याच्या असतात. दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पहिला कोर्स अर्धवट राहिला होता हे त्यांना आपणहून सांगा, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.